राजारामपुरीतली जपानी लाकडी ठशाची प्रिंटं – कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं आणि फ्रेमचं काय

आधी मुद्द्याचं सांगतो. राजारामपुरीत एका फ्रेमिंगच्या दुकानाच्या माडीवर सध्या जपानी चित्रं विकायला ठेवलीत, सगळा विषय एकच, देवळांच्या आवारातली शरदातली लाल झाडं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त घेण्यासारखी नाहीत. पण कोपऱ्यातल्या सपाट ड्रॉवरमध्ये बटर पेपरात गुंडाळून ठेवलेली जी थोडी हातानं छापलेली आहेत ती नाद खुळा आहेत. परवडत असेल तर त्यातलं एक घ्या, मोठं पोस्टर घेऊन भिंत भरू नका.

माझा धंदा छपाईचा, उद्यमनगरात ऑफसेट आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं. त्यामुळं हा रिव्ह्यू मशीनवाल्याच्या नजरेतनं आहे, रंगसंगती, भाव, अवकाश वगैरे आर्टवाल्यांनी बघावं, कोल्हापुरात त्यांना तोटा नाही. मला कुठलाही कागद हातात दिला की मी आधी रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग एकमेकांवर बरोबर बसलेत का ते बघतो आणि मग चित्र बघतो, घरच्यांना याचा वैताग आहे पण सवय जात नाही.

दुकानात तीन प्रकारचा माल आहे आणि तिन्हीला एकच शब्द लावलाय, ‘जपानी प्रिंट’. एक म्हणजे साधं ऑफसेट पोस्टर, अडीचशे-तीनशेला. दुसरं कॅनव्हासवर किंवा जाड मॅट कागदावर इंकजेटनं काढलेलं, फ्रेमसकट साडेतीन-चार हजाराला. तिसरं ते ड्रॉवरमधलं, लाकडी ब्लॉक कोरून हातानं छापलेलं, बिनफ्रेमचं साडेचौदा हजार. लांबून बघितलं तर तिन्ही सारखीच दिसतात, उलट इंकजेटवालं जास्त चकाचक दिसतं कारण साइज मोठा आणि वरनं स्पॉटलाइट. माझ्या पुढं एक जोडपं होतं, ते नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी इंकजेट घेऊन गेलं, त्यांना ड्रॉवर कुणी दाखवलाच नाही. मागितल्याशिवाय दाखवत नाहीत हे लक्षात ठेवा.

मी मागितलं तेव्हा मालक काकांनी मात्र काही कुरकुर केली नाही, टेबलावर पांढरं कापड टाकलं, हात पुसायला लावले आणि प्रिंट काढून समोर ठेवलं. मी भिंग काढलं तर म्हणाले, “भिंग नंतर लावा की, आधी उलटं करून बघा.” पाठीमागनं बघायला सांगणारा दुकानदार मला पहिल्यांदाच भेटला, तिथंच माझ्याकडनं अर्धे मार्क मिळाले.

प्रिंट होतं हिरोशिगेचं, ‘मामाची मेपलची झाडं, तेकोनाचं देऊळ आणि त्सुगिहाशी पूल’. हसू नका, मामा हे गावाचं नाव आहे, आता ते तोक्योशेजारच्या इचिकावा शहरात येतं. हिरोशिगे हा १७९७ ते १८५८ चा जपानी चित्रकार, एदो म्हणजे आत्ताचं तोक्यो, त्या शहराच्या शंभर प्रसिद्ध जागा अशी मालिका त्यानं आयुष्याच्या शेवटी केली, नावात शंभर असलं तरी चित्रं शंभराच्या वर गेली, आणि हे त्यातलं १८५७ चं. त्याच्या दोन वर्षं आधी एदोत मोठा भूकंप होऊन शहर कोलमडलं होतं, त्यानंतर लोकांच्या हातात पडलेली ही मालिका. याच मालिकेतल्या दोन चित्रांची व्हॅन गॉगनं १८८७ साली तेलरंगात नक्कल केली होती, एक आलुबुखाराच्या झाडाचं आणि एक पुलावरच्या अचानक आलेल्या पावसाचं.

चित्र असं आहे की टेकडीवर गुहोजी नावाचं देऊळ आहे, बौद्ध, तिथं उभं राहून खाली बघायचं. पण देऊळ चित्रात नाहीच! तुम्हीच देवळाच्या आवारात उभे आहात आणि तुमच्या नाकासमोर मेपलचा बुंधा दुभंगून दोन्हीकडं गेलाय, पानं एवढी मोठी की पंजाएवढी वाटतात, आणि त्या फांद्यांच्या मधनं खाली दूरवर पाणथळ शेतं, छोटासा पूल, तेकोनाचं देऊळ, मागं डोंगर. तेकोना म्हणजे तिथल्या दंतकथेतली देखणी पोरगी, एवढे जण मागं लागले की शेवटी तिनं पाण्यात जीव दिला, हजारेक वर्षांहून जुन्या जपानी कवितांमध्ये तिचा उल्लेख आहे. ते देऊळ चित्रात नखाएवढं आहे आणि पानं अंगावर येतात. आपण फोटो काढताना मध्ये फांदी आली की बाजूला करतो, या बाबानं तिचंच चित्र केलं.

आता उलटं करून बघितल्यावर काय दिसलं ते सांगतो, कारण साडेचौदा हजारातले निदान दहा हजार पाठीमागं आहेत असं माझं मत आहे. मागनं चित्र अर्धवट दिसतं. रंग कागदाच्या आत गेलाय, आमच्या ऑफसेटची शाई कागदावर बसते, ही कागदात मुरलीय. आणि लाल भागाच्या मागं गोल गोल घासल्याच्या खुणा आहेत, त्या बारेनच्या. बारेन म्हणजे हातात धरायची चपटी गोल गादी, आत बांबूच्या सालीची वळलेली दोरी गुंडाळलेली आणि वरनं बांबूचंच पातं बांधलेलं. कागद ओलसर करून ब्लॉकवर पालथा टाकायचा आणि पाठीवरनं या गादीनं घासायचं, मशीन नाही, प्रेस नाही, सगळा जोर छापणाऱ्याच्या खांद्याचा. खिडकीजवळ प्रिंट तिरपं धरलं तर रेषा किंचित दबलेल्या दिसतात, बोट न लावता कळतं. हे सगळं पोस्टरमध्ये येणारच नाही, कितीही डीपीआय वाढवा.

मग भिंग लावलं. ऑफसेटचं चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनतं तो डॉट नाही, एकही नाही. सपाट रंग आणि त्यात कागदाचे तंतू. कागद कोझोचा, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा, म्हणून दहाहून जास्त वेळा ओला होऊन घासला तरी फाटत नाही. आपला छपाईचा साधा मॅपलिथो कागद असला तर तिसऱ्या रंगाला लगदा होईल. दर रंगाला वेगळा ब्लॉक किंवा ब्लॉकची वेगळी बाजू, लाकूड जंगली चेरीचं, कठीण आणि बारीक रेशाचं. आणि हे सगळे रंग एकमेकांवर बरोबर बसवायचे तर काय करतात, ब्लॉकच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच कोरतात आणि लांब बाजूला एक सरळ खाच, कागदाचा कोपरा एकीत आणि कड दुसरीत टेकवायची. बास. आमच्या मशीनला कागद जागेवर टेकवायला फ्रंट ले आणि साइड ले असतात तेच काम, फक्त इथं ते लाकडात कोरलेलं आणि कागद ओला असल्यामुळं ताणला-आकसला तर हातानं सावरायचं. मी मुद्दाम पानांच्या कडा बघितल्या, एका पानाला केसाएवढा पांढरा राहिलाय, बाकी कुठं हललेलं नाही. आमच्याकडं चांगल्या मशीनवर फोर कलरला यापेक्षा जास्त हलतं, मशीनमनला दाखवायला फोटो काढून आणलाय.

सगळ्यात भारी काम आकाशात आहे. वरच्या कडेला गडद पट्टा आणि तो खाली येता येता विरत जातो, याला बोकाशी म्हणतात. मला वाटलं दोन ब्लॉक असतील. नाही. एकच सपाट ब्लॉक, तो ओला करायचा आणि ब्रशला एका बाजूला रंग लावून फिरवायचं की रंग आपोआप पातळ होत जातो, आणि हे दर कागदाला नव्यानं करायचं. म्हणजे शंभर प्रती काढल्या तर शंभर आकाशं. ड्रॉवरमध्ये याच चित्राच्या दोन प्रती होत्या, शेजारी ठेवल्या तर एकीचं आकाश जरा वर संपतं. मी ज्या धंद्यात आहे तिथं पहिली आणि पाच हजारावी कॉपी सारखी नाही आली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, आणि इथं मी त्या फरकाचे जास्त पैसे द्यायला तयार झालो!

आता तक्रार. लेबलवर लिहिलंय ‘ओरिजिनल हिरोशिगे’. हे चुकीचं आहे आणि बदलायला पाहिजे. १८५७ साली छापलेलं प्रिंट असं राजारामपुरीच्या ड्रॉवरमध्ये बसत नसतं, ती म्युझियममध्ये आणि लिलावात असतात, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमकडं ही अख्खी मालिका आहे आणि ती ऑनलाइन फुकट बघता येते. हे प्रिंट जुन्या चित्रावरनं नव्यानं ब्लॉक कोरून जुन्याच पद्धतीनं छापलेलं आहे, मार्जिनमध्ये कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नावही छापलंय. काकांना म्हटलं तर म्हणाले, “हाताचं हाय म्हणून ओरिजिनल.” त्यांचं म्हणणं एका अर्थी अगदीच खोटं नाही. मूळ असं एक चित्र नसतंच या प्रकारात. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून द्यायचा, ते कागद पालथं ब्लॉकवर चिकटवून त्याच्यावरनंच कोरायचं, म्हणजे कोरता कोरता मूळ रेखाटन संपलं. चित्रकार एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि पैसा घालणारा प्रकाशक चौथा. हिरोशिगेनं स्वतः ब्लॉक कोरले नाहीत की प्रती घासल्या नाहीत. तरीपण गिऱ्हाइकाला नवी कोरलेली आवृत्ती आहे हे स्वच्छ सांगायला पाहिजे, कारण उद्या कुणी हे अँटिक म्हणून पुढं विकायला गेला तर तोंडघशी पडणार.

आणि एक, नवी प्रत लाल दिसते म्हणून ती भडक आहे असं एकजण तिथं म्हणत होता. जुन्या प्रिंटांचे तांबडे रंग म्हणजे एक करडईच्या फुलांचा, तो उजेडानं उडतो, आणि एक शिशाचा, तो हवेनं काळपट पडतो. म्हणून म्युझियमच्या फोटोत लाल पानं कधी कधी तपकिरी दिसतात. लोकांनी पहिल्यांदा विकत घेतलं तेव्हा ते लालच होतं.

बाकीचा माल भराभर. ऑफसेट पोस्टरमध्ये हिरोशिगेचंच क्योतोच्या तोफुकुजी देवळाचं एक आहे, त्सुतेनक्यो पूल, १८३४ च्या आसपासचं. दरीवरनं जाणारा लाकडी पूल आणि दरीत सगळी मेपलची झाडं. तोफुकुजी १२३६ साली सुरू झालेलं झेन पंथाचं बौद्ध देऊळ, तिथं चेरीची झाडं नाहीत, असं सांगतात की एका चित्रकार भिक्षूनं शोगुनाकडं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याकडं, मागणंच ते मागितलं, चेरी तोडून टाका, नाहीतर लोक फुलं बघायला येऊन इथं मौजमजेचा अड्डा करतील. मग मेपल बघायला झुंबड उडाली ते वेगळं. जुना पूल १९५९ च्या वादळात गेला, आत्ताचा १९६१ चा. गर्दी एवढी की २०१६ पासून ऐन हंगामात पुलावर फोटो काढायला बंदी घातली. चित्र सुंदर आहे पण छपाई रद्दी, मॅजेंटा जास्त झालाय, लाल पानं गुलाबी दिसतात आणि आर्ट पेपर एवढा चकचकीत की ट्यूबलाइट त्यातच दिसते. अडीचशे रुपयात आमच्याकडं यापेक्षा बरं काढून देतो (जाहिरात नाही, खरं सांगतोय).

इंकजेटमध्ये कावासे हासुईची आहेत, हा १८८३ ते १९५७ चा, पाऊस-बर्फ-संध्याकाळ यात वस्ताद. वातानाबे नावाच्या प्रकाशकानं मेलेला लाकडी ठशाचा धंदा नव्यानं उभा केला, त्याचा हा पट्ठ्या. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत प्रकाशकाचे ब्लॉक जळले, हासुईच्या स्केचबुकांची राख झाली, आणि त्यानंतर तो पुन्हा फिरतीवर निघाला. त्याचं सगळ्यात गाजलेलं झोजोजी देवळाचं १९२५ चं चित्र इथं शरदाच्या मालात घुसवलंय, ते बर्फातलं आहे, लाल आहे ते दार! लाल दिसलं की शरद असा हिशोब झालेला दिसतो. ही इंकजेटं वाईट नाहीत, रंग बरे आहेत, पण कॅनव्हासवर का? कॅनव्हासच्या विणीत हासुईच्या बारीक रेषा मेल्या. मॅट कागदावरचं मागा, मिळतं, दोनशे रुपये कमी पण होतात.

मला जे पाहिजे होतं ते नाहीच मिळालं. योशिदा हिरोशी म्हणून एक जपानी चित्रकार होता, १८७६ ते १९५०, तो १९३०-३१ ला भारतात फिरून गेला आणि ताजमहाल, बनारस, उदयपूर यांच्याबरोबर अजिंठा-वेरूळची पण लाकडी ठशाची प्रिंटं केली. वेरूळ जपानी बोकाशीत! तेव्हा आपल्याकडं भिंतीवर रविवर्मा प्रेसची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं टांगलेली होती, रंकाळा-कोटितीर्थाची चित्रं करणारे अबालाल रहिमान इथंच कोल्हापुरात होते, आणि हा माणूस अजिंठ्याला बसून स्केच करत होता. काकांना योशिदाचं नाव माहीत होतं पण तो माल आपल्याकडं येत नाही म्हणाले. त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर मार्जिनमध्ये ‘जिझुरी’ असा शिक्का असतो, कुणी कुठं बघितलंत तर तेवढं बघा.

एक अवांतर. प्रिंट घरी आणल्यावर आमच्या आईसाहेब म्हणाल्या, “असलं लाल झाड आपल्याकडं कुठं हाय?” आहे की. देशी बदाम, ज्याच्या पानांवर आपण लहानपणी भेळ खायचो, त्याची पानं गळायच्या आधी अशीच तांबडीलाल होतात, शाळेच्या मैदानात, कॉलनीत, सगळीकडं. पण ते झाडावर चार पानं लाल, दहा हिरवी, अर्धी खाली, असं कसंही होतं, म्हणून कुणी तिकीट काढून बघायला जात नाही.

आता फ्रेमिंग, आणि इथं मात्र दुकानाला मी शून्य देतो. एवढं नाजूक काम विकायचं आणि फ्रेम करताना काय म्हणाला खाली बसलेला पोरगा, “हार्डबोर्डला फेव्हिकॉल मारून बसवतो, काय हलत नाय बघा.” मी प्रिंट ओढूनच घेतलं. असं चिकटवलं की संपलं, पाठ गेली, आणि पाठीचेच तर पैसे दिलेत. लॅमिनेशन तर स्वप्नात पण करू नका. बरोबर पद्धत अशी की मागं आणि वरच्या माउंटला अॅसिड-फ्री बोर्ड लावायचा, प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन छोट्या जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं टांगायचं, खाली मोकळं सोडायचं, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी पाहिजे. काच टेकली की जूनमध्ये आतनं घाम येतो आणि ऑगस्टमध्ये बुरशीचे ठिपके. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको, आमच्या गोडाऊनला रिमं पॅलेटवर ठेवून पण खालची दोन लाट मारतात. शिवाय कसर. कसरीला खळ आणि जुना कागद म्हणजे जेवण.

मी शेवटी दुसरीकडं, पदरचा बोर्ड नेऊन, उभं राहून फ्रेम करून घेतली, खर्च बाविसशे आला, यूव्हीवाली अॅक्रेलिक शीट वेगळी. साधी काच लावलीत तरी चालेल पण मग उन्हाच्या भिंतीवर लावू नका, समोरच्या पश्चिमेच्या खिडकीतनं दुपारी ऊन येत असेल तर अजिबातच नाही. बाहेरच्या भिंतीवर पण नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. आतली पार्टिशनची भिंत बघा. जपानात ही चित्रं फ्रेम करून कायमची लावायचा रिवाजच नव्हता, हातात घेऊन बघायची आणि ठेवून द्यायची, म्हणून ज्यांच्याकडं बरी भिंत नाही त्यांनी फ्रेमच्या भानगडीत न पडता फोल्डरमध्ये सपाट ठेवलं तरी काही बिघडत नाही.

साडेचौदा हजार जास्त आहेत का? आहेत. कागद, कोरणारा, छापणारा, जपानचं पोस्टेज, कस्टम, दुकानाचं मार्जिन असा हिशोब मी मनात मांडून बघितला, तरी हजार-दीड हजार कमी व्हायला पाहिजेत असं वाटलं, आणि मागितल्यावर झाले पण, तेरा हजार दोनशेला दिलं, वर बटर पेपर आणि जाड ट्यूब. ट्यूब घेऊ नका, गुंडाळलं की कागदाला वळ पडतो, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट बांधून मागा. गाडीवरनं नेणार असाल तर मोठी सपाट बॅग घरनं घेऊन जावा, दुकानाकडं नाही.

दुपारी जावा, चार-पाचच्या आत, माडीला एकच खिडकी आहे आणि दाबलेल्या रेषा बघायला तिरका उजेड लागतो, संध्याकाळी स्पॉटलाइटमध्ये काही कळत नाही. पार्किंग नाही, गाडी पलीकडच्या गल्लीत लावा. कार्ड घेत नाहीत, यूपीआय चालतं, आणि पक्कं बिल मागितलंत तर देतात, त्यावर ‘नवीन कोरलेली आवृत्ती’ असं लिहून घ्या. माझ्या बिलावर काकांनी लिहून दिलंय, लेबल मात्र परवा जाऊन बघितलं तर अजून तेच आहे.